ईमेलमधील लिंक नको त्या ब्राउझरमध्ये उघडते, आणि दुरुस्त केल्यावरही तक्रार परत येते : कारणे व निवारण

संगणकावर डीफॉल्ट ब्राउझर ठरवून दिलेला असतो, सेटिंग्जमध्ये त्याचेच नाव दिसत असते, आणि तरीही ईमेलमधल्या लिंकवर क्लिक केले की भलताच ब्राउझर उघडतो. सेटिंग पुन्हा बदलले की काही दिवस सारे सुरळीत चालते, मग एखादे अपडेट येते आणि ये रे माझ्या मागल्या! या तक्रारीवर 'डीफॉल्ट ब्राउझर बदला' एवढेच उत्तर बहुतेक वेळा दिले जाते. ते चूक नाही, पण अपुरे आहे. कारण ईमेलमधली लिंक कुठे उघडायची याचा निर्णय एकाच ठिकाणी होत नाही, आणि ज्या ठिकाणी तो प्रत्यक्षात होत आहे ते सोडून दुसऱ्याच ठिकाणी दुरुस्ती केली तर तक्रार परत येणारच.

ही गैरसोय किरकोळ समजू नये. समजा, आपण फायरफॉक्समध्ये एका संकेतस्थळावर लॉगिन करण्यासाठी ईमेल पत्ता भरला आणि त्या संकेतस्थळाने पासवर्ड विचारण्याऐवजी लॉगिनची लिंक ईमेलने पाठवली. ती लिंक एजमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरमध्ये उघडली, तर लॉगिन एजमध्ये होते आणि फायरफॉक्समधले पान 'आपला ईमेल तपासा' असे सांगत तसेच थांबून राहते, कारण लॉगिनची खूण असलेल्या कुकीज प्रत्येक ब्राउझर स्वतःजवळ वेगळ्या ठेवतो. काही संकेतस्थळे तर ज्या ब्राउझरमधून मागणी केली त्याच ब्राउझरमध्ये लिंक उघडली जावी, अशी अट घालतात. अशी लिंक बहुधा एकदाच चालते. त्यामुळे ती भलतीकडे उघडली की वाया जाते आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते. साठवलेले पासवर्ड, बुकमार्क, जाहिराती रोखणारी एक्स्टेन्शन्स, कार्यालयाचे आणि घरचे वेगळे ठेवलेले लॉगिन या साऱ्यांचा हिशेब योग्य ब्राउझर उघडण्यावर अवलंबून असतो. म्हणून हा प्रश्न एकदा नीट मुळापासून सोडवून टाकणे योग्य ठरते.

निर्णय कुठे होतो ते आधी शोधावे

लिंकवर क्लिक केल्यापासून पान उघडेपर्यंत तीन टप्पे असतात. पहिला टप्पा ईमेल प्रोग्रामचा. तो लिंक ऑपरेटिंग सिस्टिमच्या हवाली करतो किंवा स्वतःच्या सेटिंगनुसार एका ठरावीक ब्राउझरकडे परस्पर पाठवतो. दुसरा टप्पा ऑपरेटिंग सिस्टिमचा. 'एचटीटीपी' किंवा 'एचटीटीपीएस'ने सुरू होणारा पत्ता कोणत्या प्रोग्रामला द्यायचा, याची नोंद तिच्याकडे असते. आपण ज्याला डीफॉल्ट ब्राउझर म्हणतो तो म्हणजे ही नोंद. तिसरा टप्पा ब्राउझरचा स्वतःचा : आलेला पत्ता कोणत्या प्रोफाइलमध्ये (एकाच ब्राउझरमधील वेगवेगळ्या खात्यांच्या कप्प्यांपैकी कोणत्या कप्प्यात), कोणत्या खिडकीत उघडायचा हे तो ठरवतो.

दोष कोणत्या टप्प्यावर आहे हे एका साध्या चाचणीने कळते. विंडोजमध्ये विंडोज कळ आणि आर ही अक्षरकळ एकत्र दाबावी. 'रन' नावाची छोटी चौकट उघडते. तिच्यात 'एचटीटीपीएस'सह एखाद्या नेहमीच्या संकेतस्थळाचा पूर्ण पत्ता लिहून एंटर दाबावे. (लॉगिनची किंवा पासवर्ड बदलण्याची एकदाच चालणारी लिंक या चाचणीसाठी वापरू नये.) मॅकवर 'नोट्स' ॲपमध्ये तोच पत्ता चिकटवून त्यावर क्लिक करावे, फोनवरही टिपणांच्या किंवा संदेशांच्या ॲपमधून असेच करता येते. या चाचणीत ईमेल प्रोग्रामचा संबंधच येत नाही, आणि तेच तिचे महत्त्व आहे.

चाचणीत हवा तो ब्राउझर उघडला आणि ईमेलमधून मात्र दुसरा उघडत असेल, तर सिस्टिमची नोंद ठीक आहे; दोष ईमेल प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये आहे. चाचणीतही नको तोच ब्राउझर उघडला, तर सिस्टिमची नोंद बदललेली आहे आणि ईमेल प्रोग्राममध्ये शोधत बसण्यात अर्थ नाही. ब्राउझर बरोबर, पण खिडकी किंवा खाते चुकीचे असेल, तर दोष तिसऱ्या टप्प्यावर आहे. कोणतेही सेटिंग बदलण्यापूर्वी ही चाचणी करावी, असा माझा आग्रह आहे. ती न करता सगळीकडे थोडे थोडे बदल केले तर नेमक्या कशाने काम झाले ते कळत नाही, आणि तक्रार परत आली की पुन्हा अंधारातच चाचपडावे लागते.

ईमेल ब्राउझरमध्येच वाचत असाल तर

जीमेल किंवा तत्सम सेवा ब्राउझरच्या टॅबमध्ये उघडून वाचणाऱ्यांसाठी डीफॉल्ट ब्राउझरचे सेटिंग निरुपयोगी आहे. ईमेल ज्या ब्राउझरमध्ये उघडला आहे त्याच ब्राउझरच्या नव्या टॅबमध्ये लिंक उघडते आणि सिस्टिमला विचारण्याचा प्रश्नच येत नाही. लिंक दुसऱ्या ब्राउझरमध्ये हवी असेल, तर ईमेलही तिथेच वाचावा.

यातला एक प्रकार मात्र फसवा आहे. क्रोम आणि एज हे दोन्ही ब्राउझर एखादे संकेतस्थळ 'ॲप' म्हणून बसवण्याची सोय देतात. असे बसवलेले जीमेल किंवा आउटलुक डेस्कटॉपवर स्वतंत्र चिन्हाने दिसते, वेगळ्या खिडकीत उघडते, त्याला पत्त्याची पट्टीही नसते. पाहणाऱ्याला तो वेगळा ईमेल प्रोग्राम वाटतो. प्रत्यक्षात ती ज्या ब्राउझरमधून बसवली त्याचीच खिडकी असते आणि तिच्यातल्या लिंक त्याच ब्राउझरमध्ये उघडतात. डीफॉल्ट कितीही वेळा बदलला तरी लिंक एजमध्येच जाते, अशी तक्रार असेल तर आधी हे तपासावे. खिडकीच्या वरच्या पट्टीतील तीन ठिपक्यांचा मेनू उघडला की ते ॲप कोणत्या ब्राउझरचे आहे याचा बहुधा उलगडा होतो. उपाय सरळ आहे : ते ॲप काढून टाकावे आणि आपल्याला हव्या त्या ब्राउझरमधून, त्याच्याकडे तशी सोय असल्यास, पुन्हा बसवावे.

आउटलुक आणि थंडरबर्ड

सिस्टिमची नोंद बरोबर असूनही फक्त ईमेलमधून एज उघडतो, ही तक्रार हल्ली सर्वाधिक आढळते ती आउटलुकच्या बाबतीत, आणि तिचे कारण ठाऊक असलेले आहे. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या आउटलुकमध्ये लिंक उघडण्याचे वेगळे सेटिंग आणले आणि आरंभीची निवड म्हणून त्यात एज ठेवला. त्यामुळे ज्यांच्या संगणकावर वर्षानुवर्षे क्रोम किंवा फायरफॉक्स डीफॉल्ट होता त्यांच्याही लिंक एके दिवशी एजमध्ये उघडू लागल्या. सोबत मूळ ईमेलही एजच्या बाजूच्या पट्टीत दिसावा, ही त्यामागची कल्पना. कोणाला ती उपयोगी वाटेलही; पण वापरकर्त्याने सिस्टिममध्ये स्पष्टपणे केलेली निवड एका प्रोग्रामने बाजूला ठेवावी, हे मला पटत नाही.

जुन्या, म्हणजे 'क्लासिक' आउटलुकमध्ये 'फाइल' मेनूतून 'ऑप्शन्स' उघडावे, डावीकडे 'ॲडव्हान्स्ड' निवडावे आणि 'लिंक हँडलिंग' हा विभाग दिसेपर्यंत खाली यावे. तिथे आउटलुकमधील लिंक कशात उघडाव्यात असे विचारणारी एक यादी असते. तिच्यात 'मायक्रोसॉफ्ट एज'ऐवजी 'डीफॉल्ट ब्राउझर' निवडून 'ओके' करावे. नव्या आउटलुकमध्ये दातेरी चक्राच्या चिन्हावरून सेटिंग्ज उघडून 'जनरल' विभागात फायली आणि लिंक यांच्याविषयीची नोंद पाहावी. टीम्स हे मायक्रोसॉफ्टचे संदेश व बैठकांचे ॲप वापरणाऱ्यांनी तिथलेही सेटिंग स्वतंत्रपणे पाहावे. ते 'फाइल्स अँड लिंक्स' या नावाखाली असते. आउटलुकमध्ये केलेला बदल टीम्सलाही लागू झाला असेल असे गृहीत धरू नये.

हा पर्याय दिसतो पण बदलता येत नाही, किंवा बदलल्यावर काही वेळाने पूर्ववत होतो, असे असेल तर संगणक संस्थेच्या नियंत्रणाखाली आहे असे समजावे. वेब लिंक कोणत्या ब्राउझरने उघडाव्यात हे प्रशासकाला संपूर्ण संस्थेसाठी धोरणाद्वारे ठरवता येते. अशा वेळी प्रशासकाला लिहिताना 'लिंक उघडत नाही' असे मोघम न लिहिता 'रन चौकटीतून डीफॉल्ट ब्राउझर उघडतो, आउटलुकमधून एज उघडतो आणि लिंक हँडलिंगचे सेटिंग टिकत नाही' असे नेमके लिहावे. एवढ्या माहितीवर जाणकार प्रशासक थेट त्या धोरणापाशी पोहोचतो.

थंडरबर्ड या मोफत ईमेल प्रोग्रामची गोष्ट वेगळी आहे. तो मुळात सिस्टिमची नोंदच मानतो. परंतु लिंक कशात उघडायची असे त्याने कधीतरी विचारले असेल आणि त्या वेळी दिलेले उत्तर 'लक्षात ठेवा' अशी खूण करून दिले असेल, तर ते उत्तर तो पुढे कायम वापरतो. कालांतराने तो ब्राउझर काढून टाकला तर लिंकवर क्लिक केल्यावर काहीच घडत नाही. सेटिंग्जच्या 'जनरल' पानावर फायली आणि जोडपत्रे यांची यादी असते. तिच्यात एचटीटीपी आणि एचटीटीपीएस या ओळी असतील, तर त्यांच्यासमोरची कृती बदलून हवा तो ब्राउझर किंवा 'नेहमी विचारा' निवडावे. त्या ओळीच नसतील, तर त्याच पानाच्या तळाशी असलेला 'कॉन्फिग एडिटर' उघडून नेटवर्क प्रोटोकॉल हँडलरसंबंधीच्या नोंदींपैकी बाहेरच्या प्रोग्रामची सूचना देणाऱ्या, एचटीटीपी व एचटीटीपीएस यांच्या दोन नोंदी 'ट्रू' कराव्यात. पुढच्या क्लिकला थंडरबर्ड पुन्हा विचारतो आणि जुने उत्तर बदलण्याची संधी मिळते.

लिनक्सवर थंडरबर्ड स्नॅप किंवा फ्लॅटपॅक स्वरूपात बसवलेला असेल, तर तो बंदिस्त कक्षात चालतो आणि लिंक थेट ब्राउझरकडे न देता डेस्कटॉपच्या मध्यस्थ सेवेकडे देतो. तेव्हा थंडरबर्डमध्ये न शोधता डेस्कटॉपच्या सेटिंग्जमधील डीफॉल्ट ॲप्सचे पान पाहावे.

सिस्टिमची नोंद

चाचणीतच नको तो ब्राउझर उघडला असेल, तर काम इथे करायचे. विंडोज ११ मध्ये 'सेटिंग्ज', मग 'ॲप्स', मग 'डीफॉल्ट ॲप्स' अशा क्रमाने जावे, यादीतून हवा तो ब्राउझर निवडावा आणि वरच्या बाजूचे 'सेट डीफॉल्ट' हे बटण दाबावे. ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आले तेव्हा हे बटण नव्हते. एचटीटीपी, एचटीटीपीएस, डॉट एचटीएम, डॉट एचटीएमएल या प्रत्येकासाठी वेगळी निवड करावी लागे. २०२२ मध्ये बटण आले. त्या आधीच्या काळात अर्धवट बदललेली सेटिंग्ज आजही काही संगणकांवर तशीच आहेत, एचटीटीपी क्रोमकडे आणि एचटीटीपीएस एजकडे. मग काही लिंक एकीकडे आणि काही दुसरीकडे उघडतात. लिंक कधी बरोबर, कधी चूक उघडते असा अनुभव असेल, तर बटण दाबल्यावर त्याच पानावरच्या खालच्या यादीतील या चारही ओळी डोळ्यांखालून घालाव्यात.

त्या यादीकडे आणखी एका कारणासाठी लक्ष द्यावे. ईमेलला जोडून आलेली एचटीएमएल फाइल आणि ईमेलमधली लिंक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लिंक एचटीटीपीएसच्या नोंदीनुसार उघडते, फाइल डॉट एचटीएमएलच्या नोंदीनुसार. पीडीएफची नोंद तर पूर्णपणे निराळी असते आणि 'सेट डीफॉल्ट' बटणाने ती बदलेलच असे नाही. 'ईमेलमधले बिल अजूनही एजमध्ये उघडते' या तक्रारीमागे बहुतेक वेळा लिंक नसून पीडीएफ असते.

विंडोज १० मध्ये त्याच पानावर 'वेब ब्राउझर' या शीर्षकाखालच्या चिन्हावर क्लिक करून निवड करता येते. मॅकवर व्हेंचुरापासून, म्हणजे २०२२ नंतरच्या आवृत्त्यांत, हे सेटिंग 'सिस्टिम सेटिंग्ज'मधील 'डेस्कटॉप अँड डॉक'मध्ये आहे. त्यापूर्वी ते 'जनरल'मध्ये होते, आणि जुन्या सूचना वाचून तिथे शोधणाऱ्यांना ते सापडत नाही. मॅकवर ब्राउझर 'ॲप्लिकेशन्स' फोल्डरमध्ये हलवलेला असावा. डाउनलोड केलेल्या डिस्क प्रतिमेतूनच (ब्राउझर ज्या फाइलमधून येतो तिच्यातूनच) तो चालवला जात असेल, तर यादीत एकाच नावाच्या दोन नोंदी दिसणे किंवा निवड न टिकणे असे प्रकार होतात.

ज्या ब्राउझरची नोंदच सिस्टिममध्ये नाही तो यादीत दिसत नाही. पेन ड्राइव्हवरून किंवा साध्या फोल्डरमधून चालवायच्या 'पोर्टेबल' आवृत्त्यांचे असे होते. नेहमीची, रीतसर बसवायची आवृत्ती घेणे हाच त्यावरचा शहाणा मार्ग आहे. विंडोज एस मोडमध्ये, म्हणजे फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधील ॲप्स चालू देणाऱ्या स्थितीत चालत असेल, तर एजखेरीज दुसरा डीफॉल्ट ठेवताच येत नाही. आधी एस मोडमधून बाहेर पडावे लागते आणि बाहेर पडल्यावर परत जाता येत नाही, हे लक्षात घेऊन तो निर्णय करावा.

दुरुस्ती टिकत का नाही

खरा छळ इथे होतो, म्हणून याविषयी सविस्तर लिहितो.

डीफॉल्टची निवड रजिस्ट्रीमध्ये, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या अंतर्गत नोंदवहीत, 'यूजरचॉइस' या नावाखाली साठवली जाते आणि विंडोज ८ पासून तिच्याशेजारी त्या निवडीवरून काढलेली एक हॅश संख्या, म्हणजे पडताळणीची खूण, ठेवली जाते. निवड सेटिंग्जच्या पानावरून झाली, तर दोन्ही एकमेकींशी जुळतात. एखाद्या प्रोग्रामने किंवा स्क्रिप्टने नोंद परस्पर बदलली, तर हॅश जुळत नाही. विंडोज ती निवड अवैध ठरवून डीफॉल्ट पूर्ववत करते आणि 'ॲपचे डीफॉल्ट रीसेट केले' अशा आशयाची सूचना दाखवते. ही सूचना वारंवार दिसत असेल, तर विंडोजला दोष देण्यापूर्वी 'सफाई' करणारे, 'वेग वाढवणारे' किंवा डीफॉल्ट बदलून देण्याचे आश्वासन देणारे प्रोग्राम संगणकावर आहेत का ते पाहावे. २०२४ पासून या नोंदींचे रक्षण करणारा स्वतंत्र ड्रायव्हरही विंडोजमध्ये आला आहे, त्यामुळे रजिस्ट्री हाताने बदलण्याचे इंटरनेटवर फिरणारे जुने उपाय आता बहुधा चालतही नाहीत. हे रक्षण मला योग्य वाटते. त्याच्या अभावी कोणताही उपद्रवी प्रोग्राम आपला ब्राउझर गुपचूप बदलू शकला असता.

दुसरे कारण अपडेटनंतरचे पान. मोठ्या अपडेटनंतर पहिल्यांदा साइन इन करताना विंडोज कधीकधी संगणकाची 'मांडणी पूर्ण करा' असे सुचवणारा पूर्ण पडदा दाखवते आणि त्यात 'शिफारस केलेली ब्राउझर सेटिंग्ज वापरा' असा पर्याय असतो. घाईत तो स्वीकारला की डीफॉल्ट एजकडे जातो. वापरकर्त्याला वाटते अपडेटने आपले सेटिंग पुसले. प्रत्यक्षात त्या पानावर संमती दिली गेलेली असते. हा प्रश्न जुना आहे. जुलै २०१५ मध्ये विंडोज १० आले तेव्हा अपग्रेड करताना 'एक्स्प्रेस सेटिंग्ज' स्वीकारणाऱ्यांचा डीफॉल्ट असाच बदलत असे, आणि फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचे तत्कालीन प्रमुख ख्रिस बिअर्ड यांनी मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांना त्याविषयी जाहीर पत्र लिहिले होते. विंडोज ११ मध्ये 'सिस्टिम', 'नोटिफिकेशन्स' असे जाऊन पानाच्या तळाशी 'ॲडिशनल सेटिंग्ज'मध्ये मांडणी पूर्ण करण्याच्या सूचना देणाऱ्या खुणा काढून टाकाव्यात. त्यानंतर ते पान सहसा दिसत नाही, आणि दिसलेच तर 'सध्याची सेटिंग्ज ठेवा' हा पर्याय शोधून निवडावा.

तिसरे कारण कार्यालयांत आढळते. प्रशासकाने डीफॉल्ट प्रोग्रामांची यादी असलेली फाइल गट धोरणातून (संस्थेतील सर्व संगणकांना एकाच वेळी लागू होणाऱ्या नियमांतून) लावली असेल, तर ती प्रत्येक साइन इनच्या वेळी पुन्हा लागू होते. सकाळी संगणक सुरू केला की एज, दुपारी बदलला तर दिवसभर क्रोम, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एज, असा नियमित क्रम दिसला तर हे कारण जवळपास निश्चित समजावे. त्यावर वापरकर्त्याच्या हातात उपाय नाही. ती फाइलच बदलून घ्यावी लागते.

चौथे कारण इतके साधे आहे की ते सुचतच नाही. डीफॉल्टची निवड संगणकाची नसते, त्या संगणकावरील प्रत्येक वापरकर्त्याची असते. तंत्रज्ञाने येऊन स्वतःच्या प्रशासक खात्यातून सेटिंग बदलले, चाचणी घेतली आणि तो गेला, तर आपल्या खात्यात काहीही बदललेले नसते. दुरुस्ती ज्या खात्यात ईमेल वाचला जातो त्याच खात्यातून झाली पाहिजे. साइन इन केल्यावर 'आपण तात्पुरत्या प्रोफाइलसह साइन इन केले आहे' असा संदेश येत असेल, तर मात्र कोणतेही सेटिंग टिकणार नाही. आधी ते वापरकर्ता प्रोफाइल दुरुस्त करून घ्यावे. दूरस्थ संगणकावर चालणाऱ्या आउटलुकमधील लिंक त्या दूरच्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये उघडतात, हेही याच ओघात ध्यानात ठेवावे.

'निर्बंधांमुळे ही कृती रद्द केली आहे' असा संदेश

आउटलुकमधील लिंकवर क्लिक केल्यावर कोणताच ब्राउझर न उघडता 'या संगणकावर लागू असलेल्या निर्बंधांमुळे ही कृती रद्द करण्यात आली. प्रशासकाशी संपर्क साधा' अशा अर्थाचा संदेश येतो, तेव्हा लोक घाबरतात. घरच्या संगणकावर तर प्रशासक कोण, हाच प्रश्न पडतो. बहुतेक वेळा कोणतेही निर्बंध लागू नसतात. डीफॉल्ट असलेला ब्राउझर काढून टाकला गेलेला असतो, पण डॉट एचटीएमएलची नोंद अजून त्या अस्तित्वात नसलेल्या प्रोग्रामकडेच बोट दाखवत असते.

सर्वांत निर्धोक उपाय असा : काढून टाकलेला ब्राउझर पुन्हा बसवावा, सेटिंग्जच्या पानावरून दुसरा ब्राउझर डीफॉल्ट करावा, एचटीएम, एचटीएमएल, एचटीटीपी आणि एचटीटीपीएस या चारही ओळी बदलल्याची खात्री करून घ्यावी, आउटलुक पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा, आणि मगच पहिला ब्राउझर काढावा. ब्राउझर काढण्यापूर्वीच दुसऱ्याला डीफॉल्ट केले, तर हा संदेश सहसा येतच नाही.

ब्राउझर बरोबर, पण खाते चुकीचे

क्रोममध्ये कार्यालयाचे आणि खासगी अशी दोन प्रोफाइल असतील, तर बाहेरून आलेली लिंक सर्वांत शेवटी वापरलेल्या प्रोफाइलच्या खिडकीत उघडते. त्यामुळे कार्यालयीन दस्तऐवजाची लिंक खासगी खात्यात उघडून 'आपल्याला परवानगी नाही' असा संदेश येतो, आणि वापरकर्ता लिंक पाठवणाऱ्याकडे परवानगी मागत बसतो. लिंकवर क्लिक करण्यापूर्वी हव्या त्या प्रोफाइलची खिडकी एकदा पुढे आणणे, एवढेच पुरते. एजमध्ये मात्र प्रोफाइलच्या सेटिंग्जमध्ये बाहेरच्या लिंकसाठी ठरावीक प्रोफाइल निवडण्याची सोय आहे, आणि ती फार उपयोगी आहे.

फोनवर

आयफोनवर डीफॉल्ट ब्राउझर बदलण्याची मुभा सप्टेंबर २०२० मध्ये, आयओएस १४ बरोबर मिळाली. पहिल्या आवृत्तीत फोन पुन्हा सुरू केला की ही निवड पुसली जाण्याचा दोष होता, तो १४.०.१ मध्ये दुरुस्त झाला. आयओएस १८.२ पासून 'सेटिंग्ज', 'ॲप्स', 'डीफॉल्ट ॲप्स' असा एकत्रित मार्ग आहे. डीफॉल्ट असलेला ब्राउझर फोनमधून काढला की ती जागा पुन्हा सफारीला, म्हणजे आयफोनच्या मूळ ब्राउझरला मिळते. तो ब्राउझर नव्याने बसवल्यावर निवडही नव्याने करावी लागते. याखेरीज जीमेल आणि आउटलुक या ॲप्सची ब्राउझरची स्वतःची निवड असते. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये 'डीफॉल्ट ॲप्स' हे पान उघडून ती तपासावी.

अँड्रॉइडवर सिस्टिमचे सेटिंग 'ॲप्स'मधील 'डीफॉल्ट ॲप्स'मध्ये असते, पण जीमेलमधली लिंक जीमेलच्याच आत उघडल्यासारखी दिसते. जीमेलच्या 'जनरल सेटिंग्ज'मध्ये 'वेब लिंक जीमेलमध्ये उघडा' अशी खूण असते. ती काढली की लिंक पूर्ण ब्राउझरमध्ये उघडते. खूण ठेवली तरी लॉगिनचे नुकसान बहुधा होत नाही, कारण ती आतली खिडकी सहसा डीफॉल्ट ब्राउझरच पुरवतो आणि त्याच्याच कुकीज वापरतो. आयफोनवर तसे नाही : आयओएस ११ पासून ॲपच्या आत उघडलेल्या सफारीच्या खिडकीच्या कुकीज मुख्य सफारीपासून वेगळ्या ठेवल्या जातात. म्हणून आयफोनवर लॉगिनची लिंक ॲपच्या आत उघडली असेल, तर खिडकीच्या कोपऱ्यातील चिन्हावरून ती सफारीत नेण्याआधी विचार करावा; एकदाच चालणारी लिंक आत उघडतानाच खर्ची पडलेली असू शकते. अशी लिंक ईमेलमध्ये बोट दाबून धरून कॉपी करावी आणि हव्या त्या ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत चिकटवावी. बोट दाबून धरल्यावर पानाचे पूर्वदर्शन दिसू लागले, तर ते लपवण्याचा पर्याय आधी निवडावा, कारण पूर्वदर्शनासाठीही पान उघडले जाते.

लिंक ब्राउझरऐवजी एखाद्या ॲपमध्ये उघडत असेल, तर तो डीफॉल्ट ब्राउझरचा प्रश्न नाही. अँड्रॉइडवर त्या ॲपच्या माहितीपानावरील 'ओपन बाय डीफॉल्ट'मध्ये जाऊन त्याच्या लिंक उघडण्याची मुभा बंद करावी. आयफोनवर लिंकवर बोट दाबून धरल्यास ब्राउझरमध्ये उघडण्याचा पर्याय मिळतो, आणि त्या संकेतस्थळापुरती ती निवड पुढेही पाळली जाते.

दुरुस्ती झाल्यावर लगेच समाधान मानू नये. ईमेल प्रोग्राम पूर्ण बंद करावा, संगणक पुन्हा सुरू करावा, त्याच खात्यातून साइन इन करावे आणि 'रन' चौकटीतील चाचणी व ईमेलमधील क्लिक या दोन्ही गोष्टी पुन्हा तपासाव्यात. स्वतःला एक ईमेल पाठवून त्यात एचटीटीपी आणि एचटीटीपीएस अशा दोन्ही प्रकारच्या लिंक आणि सोबत एक छोटी एचटीएमएल फाइल ठेवली, तर तीनही नोंदींची तपासणी एकाच वेळी होते. हा ईमेल जपून ठेवावा. पुढचे मोठे अपडेट झाले की तो उघडून तीन क्लिक केले तरी काय बदलले ते लगेच कळते.